टीईटी नसलेला शिक्षक घ्यायची वेळ आली तर: गोव्यातल्या शाळांसाठी

जूनचा तिसरा आठवडा होता. सत्तरी तालुक्यातला पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की वर्गात शेजारच्याचे बोलणे ऐकू येईना. दोन शिक्षकांची शाळा, त्यातल्या एका बाईंची बदली झालेली आणि त्यांच्या जागी कोणी आलेले नाही. पहिली ते चौथीची सगळी मुले मी एकाच खोलीत बसवली होती. तेवढ्यात पालक-शिक्षक संघाचे अध्यक्ष छत्री मिटत आत आले. म्हणाले, "बाई, आमच्या वाड्यावरची एक मुलगी आहे. बीए झालीय, घरीच असते. उद्यापासून पाठवू?"

मी लगेच "पाठवा" म्हटले. ती मुलगी वर्षभर आली. मन लावून शिकवले, मुलांना तिचा लळा लागला. पण मार्चमध्ये ती गेली तेव्हा तिच्या हातात एक कागद नव्हता, पुढे शिक्षिका व्हायचे तर काय करायचे हे तिला कोणी सांगितलेले नव्हते, आणि मी माणूस सोयीने मिळवल्यामुळे शाळेची रिकामी जागा वर कोणाला जाणवलीही नव्हती. तिन्ही चुका माझ्याच. नंतरच्या वर्षांत अशी वेळ पुन्हा आली, तेव्हा मी वेगळ्या रीतीने वागले. ती रीत इथे लिहिते आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांचे मुख्याध्यापक, पालक-शिक्षक संघाची माणसे आणि अशा नेमणुकीवर जाणारी तरुण मुलेमुली, तिघांनाही ती उपयोगी पडावी.

आधी नेमके काय नाही ते ओळखा

"अपात्र" हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात चार वेगवेगळी माणसे असतात. एकाचे डीएलएड (प्राथमिक शिक्षकाची पदविका) किंवा बीएड (शिक्षणशास्त्राची पदवी) झालेले असते, पण टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण नसते. दुसऱ्याचा अभ्यासक्रम चालू असतो किंवा निकाल यायचा असतो. तिसऱ्याकडे नुसती पदवी असते. चौथ्याकडे सगळे असते, पण चुकीच्या इयत्तेसाठीचे. हा चौथा प्रकार गोव्यात फार आढळतो, म्हणून तो नीट सांगते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा, तो लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या कलम २३ नुसार पहिली ते आठवीच्या शिक्षकाची किमान पात्रता ठरवण्याचे काम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे, म्हणजे एनसीटीईकडे आले. परिषदेने २३ ऑगस्ट २०१० ला ती पात्रता जाहीर केली आणि टीईटी बंधनकारक झाली. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरचे दोन वर्षांचे डीएलएड आणि टीईटीचा पहिला पेपर लागतो. सहावी ते आठवीसाठी पदवीबरोबर बीएड किंवा डीएलएड आणि टीईटीचा दुसरा पेपर. नववी-दहावीला पदवी व बीएड, अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी व बीएड. नववीपासून पुढे टीईटीची अट नाही.

मधल्या काळात, २०१८ मध्ये, बीएडवाल्यांना प्राथमिकसाठीही वाट मोकळी झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ ला ती बंद केली. त्या तारखेआधी नेमलेल्यांना संरक्षण मिळाले, पण नव्या नेमणुकीला ते लागू नाही. म्हणून आज प्राथमिकसाठी कोणी बीएडची गुणपत्रिका घेऊन आला, तर ती कितीही चांगली असली तरी तो पहिली ते पाचवीसाठी पात्र होत नाही. हे उमेदवाराला तोंडावर आणि लगेच सांगा. "बघू, काहीतरी करू" असे म्हटले की तो दोन वर्षे आशेवर काढतो.

आणखी एक खाच आहे. आपल्याकडे सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते, पाचवी माध्यमिक शाळेच्या इमारतीत भरते. त्यामुळे पाचवीला शिकवणारा "हायस्कूलचा शिक्षक" समजला जातो. पण पात्रतेच्या हिशेबात पाचवी प्राथमिकच. पाचवी आणि सहावी दोन्ही शिकवणाऱ्याला टीईटीचे दोन्ही पेपर हवेत. वेळापत्रक करताना हे विसरले तर पात्र शिक्षकही एका तासापुरता अपात्र ठरतो.

आता मुख्य प्रश्न. घेऊन तर टाकू, पात्रता नंतर मिळवील, असे चालते का? पहिली ते आठवीला चालत नाही. आधीपासून सेवेत असलेल्यांना कायद्याने सुरुवातीला पाच वर्षे दिली होती. मग २०१७ च्या दुरुस्तीने ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत वाढवली, आणि देशभरातल्या लाखो शिक्षकांनी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, डीएलएड केले. ती मुदत संपली. राज्यात पात्र माणसे पुरेशी मिळत नसतील तर पात्रतेत सूट द्यायचा अधिकार फक्त केंद्र सरकारला आहे, तोही ठरावीक काळापुरता. मुख्याध्यापकाला, पालक-शिक्षक संघाला किंवा व्यवस्थापनाला तो नाही. पद कंत्राटी असले, तासिका तत्त्वावरचे असले, तरी किमान पात्रता तीच.

म्हणून अपात्र माणसाला तुम्ही "शिक्षक" म्हणून नेमू शकत नाही. त्याला सहायक म्हणून घेता येते. वर्ग पात्र शिक्षकाच्या नावावर राहतो आणि नवा माणूस त्याच्या हाताखाली काम करतो. पुढचे सगळे या एका गोष्टीवर उभे आहे.

जागा रिकामी आहे, ती कागदावर रिकामीच दिसू द्या

माझी सर्वांत मोठी चूक इथे झाली होती. मुले शांत बसली, पालक गप्प झाले, आणि वर समजले की शाळा व्यवस्थित चालली आहे.

कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक पदे रिकामी राहू नयेत, असे कलम २६ सांगते. हे दोन्ही आकडे आपल्या बाजूचे आहेत. सहायक येण्याच्या आधी भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात पत्र द्या. पत्रात पद कोणते, कोणत्या तारखेपासून रिकामे, पटावर मुले किती, सध्या किती वर्ग एकत्र बसतात, एवढेच लिहा. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत फाइलला लावा. दर महिन्याला त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र पाठवा. शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तातही ही नोंद दर बैठकीला झाली पाहिजे, कारण पालकांचा ठराव शिक्षण खात्यात वेगळ्या नजरेने वाचला जातो.

यू-डायसची, म्हणजे शाळांच्या देशव्यापी नोंदणीची, माहिती भरताना सहायकाला नियमित शिक्षकाच्या रकान्यात बसवू नका. तसे केले की आपणच आपली रिकामी जागा पुसून टाकतो.

अनुदानित शाळांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे नेमणूक व्यवस्थापन करते, पण खात्याची परवानगी आणि मान्यता नसलेला माणूस अनुदानावर बसत नाही. व्यवस्थापनाने तोंडी दिलेल्या "मान्यता येईल" या शब्दावर कोणाला घेऊ नका, आणि उमेदवारांनो, तुम्हीही जाऊ नका.

माणूस शोधण्याआधी

आधी पात्र माणूस मिळतो का ते पाहावे. जवळच्या शाळेत पट घटल्यामुळे शिक्षक अतिरिक्त झाला असेल, तर त्याची तात्पुरती व्यवस्था मागता येते. निवृत्त शिक्षक वाड्यावरच राहत असतात. पर्वरीच्या डाएटमधले (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतले) डीएलएडचे विद्यार्थी, पणजीच्या निर्मला इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमधले आणि फोंड्याच्या डॉ. दादा वैद्य कॉलेज ऑफ एज्युकेशनमधले बीएडचे विद्यार्थी यांना शाळांत सराव करावाच लागतो. दोन वर्षांच्या बीएडमध्ये वीस आठवडे शाळेतला अनुभव ठेवलेला आहे. बहुतेक विद्यार्थी शहराजवळच्या शाळा मागतात. तुम्ही प्राचार्यांना वेळेवर पत्र लिहिले, राहण्या-जेवणाची सोय गावात करून दिली, तर दोघे जण सत्तरीतही येतात. मी एकदा हे करून पाहिले. मुलींना राहायला शाळेशेजारच्या एका आजींनी आपली ओसरी दिली होती.

कोणाला घ्यायचे

गुणांच्या टक्केवारीवर जाऊ नका. उमेदवाराला दुसरीच्या वर्गात वीस मिनिटे उभे करा आणि तुम्ही मागच्या बाकावर बसा. विषय सोपा द्या, गोष्ट सांगणे किंवा बेरीज. मी तीन गोष्टी पाहत असे. उत्तर चुकलेल्या मुलाकडे ती पुन्हा वळते का? फळ्याकडे तोंड करून बोलते की मुलांकडे? आणि मागच्या कोपऱ्यातले न बोलणारे मूल तिच्या नजरेस पडते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर "हो" असेल, तर बाकीचे शिकवता येते.

भाषेचेही पाहावे. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट असते. मराठी माध्यमाच्या शाळेत दोन्ही हवेच, आणि त्याचे कारण पुढे सांगते.

कागदपत्रे

मूळ प्रमाणपत्रे पाहा, नुसत्या झेरॉक्सवर विसंबू नका. बीएड किंवा डीएलएडची संस्था एनसीटीईची मान्यता असलेली आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येते. बाहेरच्या राज्यातून "घरबसल्या" केलेल्या पदव्यांच्या बाबतीत तर ते तपासायलाच हवे. मामलेदार कार्यालयातला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि रोजगार विनिमय केंद्राचे कार्ड सहायकाला आज लागणार नाही, पण उद्या जाहिरात निघाली की लागेल. "हे दोन आतापासून करून ठेव" असे पहिल्याच दिवशी सांगा. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मामलेदारांच्या दारात उभी राहिलेली मुले मी पाहिली आहेत.

पोलीस पडताळणी मात्र आजच हवी, आणि ती माणूस वर्गात पाय ठेवण्याआधी. ओळखीतला आहे, गावातलाच आहे, हे कारण चालू देऊ नका. गोव्याचा स्वतःचा बाल कायदा २००३ चा आहे, मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा देशाचा पॉक्सो कायदा २०१२ चा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. यातले मुख्य मुद्दे एका पानावर मराठीत लिहून वाचायला द्या, समजावून सांगा आणि खाली सही घ्या. नव्या माणसाला पट्टी हातात घ्यायचा मोह होतो, कारण तो स्वतः तसाच शिकलेला असतो.

नेमणुकीचा कागद

कोण पैसे देतो, यावर कागद कोण देणार ते ठरते. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला नेमणूक करायचा अधिकार नाही. पालक-शिक्षक संघ मानधन देणार असेल, तर पत्र संघाच्या नावावर आणि ठरावानंतर जाते. त्या पैशांची वर्गणी ऐच्छिक असते, प्रत्येकाला पावती मिळते, आणि ज्याने दिली नाही त्याच्या मुलाला त्याची झळ लागत नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण शिक्षण मोफत आहे आणि वर्गणीची यादी फळ्यावर लावण्याचा प्रकार माझ्या पाहण्यात आहे.

पत्र एका पानाचे पुरे. कामाचे नाव "अध्यापन सहायक". सुरुवातीची तारीख आणि शेवटची तारीख. "पुढील आदेशापर्यंत" हे शब्द लिहूच नका, या दोन शब्दांनी माणसांची दहा-दहा वर्षे खाल्ली आहेत. मानधन किती आणि महिन्याच्या कोणत्या तारखेला. चतुर्थीच्या आणि दिवाळीच्या सुटीचे मानधन मिळणार की नाही, हेही आधीच, कारण भांडण नेमके तिथे होते. कोणत्या शिक्षिकेच्या मार्गदर्शनाखाली काम, तिचे नाव. नियमित शिक्षक आला तर किती दिवसांची सूचना. आणि या कामामुळे नियमित पदावर हक्क निर्माण होत नाही, हे साध्या भाषेत.

शेवटच्या वाक्याचा आधार सर्वोच्च न्यायालयाच्या १० एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालात आहे. तात्पुरत्या माणसाला नुसत्या कामाच्या वर्षांवरून कायम होता येत नाही, असे तो निकाल सांगतो. पण त्याची दुसरी बाजूही माहीत असू द्या. तीच कामे करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला समान वेतनाचे तत्त्व लागू होते, असे २०१६ मध्ये न्यायालयाने म्हटले. आणि डिसेंबर २०२४ मध्ये, कायम स्वरूपाच्या कामावर वर्षानुवर्षे तात्पुरती माणसे राबवायला उमादेवी निकालाची ढाल करू नका, असेही बजावले. मे महिन्यात काढायचे आणि जूनमध्ये पुन्हा घ्यायचे, ही युक्ती मला तेव्हाही पटली नव्हती. सहायक जर तिसऱ्या वर्षीही लागत असेल, तर तिथे एक पद रिकामे आहे आणि भांडायचे ते त्या पदासाठी.

वर्ग कोणता द्यायचा

"पहिलीला काय, कोणीही शिकवील." हे वाक्य मी शिक्षकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि दर वेळी मला वाईट वाटले आहे. नव्या माणसाला पहिली देऊ नका. पहिलीइतका अवघड वर्ग शाळेत दुसरा नाही.

का, ते एका प्रसंगावरून सांगते. एक नवीन मुलगी पहिलीला चित्रे दाखवत होती. कुत्र्याचे चित्र वर धरून तिने विचारले, "हे काय?" पुढच्या रांगेतला एक मुलगा आनंदाने ओरडला, "सुणो!" ती म्हणाली, "चूक. कुत्रा म्हण." मग पाण्याचा तांब्या. "उदक!" "चूक. पाणी." तिसऱ्या चित्राला तो मुलगा बोलला नाही. चौथ्यालाही नाही. त्याला कुत्रा माहीत होता, पाणी माहीत होते, त्यांची नावेही बरोबर माहीत होती. पाच मिनिटांत तो एवढेच शिकला की घरात जे बोलतो ते इथे चुकीचे असते.

सुटीत मी तिला बाजूला घेतले. रागावले नाही, ती मनापासूनच शिकवत होती. फक्त एवढे सांगितले, "उद्या तो सुणो म्हणाला की तू म्हण, हो, सुणो. आणि मराठीत त्याला कुत्रा म्हणतात. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिही." दुसऱ्या दिवशी तिने तसे केले. आठवड्याने मुलेच विचारू लागली, "बाई, माजराक मराठीत काय म्हणतात?" आपल्या मराठी शाळांतली बहुतेक मुले घरी कोकणी बोलतात. प्रशिक्षण झालेल्यालाही हे कधी कधी सुचत नाही, नव्याला तर सांगावेच लागते.

तेव्हा सहायकाला तिसरी-चौथी द्या, तीही एक-दोन विषयांपुरती. मुख्य शिक्षिकेने पहिली-दुसरी स्वतःकडे ठेवावी. एकाच खोलीत दोन गट असतील, तर हजेरीपट, मूल्यमापनाच्या नोंदी आणि प्रगतिपत्रक मुख्य शिक्षिकेच्या सहीने जाते. ती सही नुसती दुसऱ्याच्या आकड्यांवर उमटवायची नाही. वह्या तिने स्वतः पाहिलेल्या असल्या पाहिजेत, नाहीतर आपण कागदावर खोटे बोलतो.

पहिले पंधरा दिवस आणि त्यानंतर

पहिले तीन दिवस सहायक फक्त बसून पाहील. तिच्या हातात एक वही द्या आणि एकच प्रश्न द्या: आज कोणते मूल कुठे अडले? चौथ्या दिवसापासून ती एक तास घेईल, तुम्ही मागे बसाल. दुसऱ्या आठवड्यात दोन तास. टाचण, म्हणजे तासाचा आराखडा, तिने आदल्या दिवशी दाखवायचे. दहा ओळींचे पुरे, पण त्यात "मुले कुठे चुकतील" ही ओळ असायलाच हवी.

ही ओळ मी एका वजाबाकीमुळे घालायला लागले. तिसरीचा वर्ग, उदाहरण ४२ वजा १७. अर्ध्या वर्गाने उत्तर लिहिले ३५. सहायक मुलीने सगळ्यांना फुली मारली, फळ्यावर २५ करून दाखवले आणि पुढचे उदाहरण घातले. त्याचेही तसेच झाले. मी एका मुलीला विचारले, "३५ कसे आले गं?" ती म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले." चूक कुठे झाली ते तिच्या एका वाक्यात होते, पण ते वाक्य कोणी विचारलेच नव्हते.

मग आम्ही कोपऱ्यातला खराटा सोडला. हीर मोडून एकसारख्या काड्या केल्या, दहा-दहाचे जुडगे दोऱ्याने बांधले. चार जुडगे आणि दोन सुट्या काड्या. "आता यातून सतरा दे मला." मुलीने दोन सुट्या काड्या पाहिल्या, थांबली, आणि एका जुडग्याचा दोरा सोडला. सहायक मुलगी शेजारी उभी राहून पाहत होती. दुसऱ्या दिवशीच्या टाचणात तिने लिहिले: मुले मोठ्या अंकातून लहान अंक काढतील. त्या दिवसापासून तिला टाचण कसे लिहायचे ते सांगावे लागले नाही.

पुढे दर आठवड्याला तीस मिनिटे ठरवून बसा. शनिवारी शाळा सुटल्यावर बरे पडते. पाच वह्या उघडायच्या, कोणत्याही. तिला बोलू द्या, तुम्ही कमी बोला. शेरेबुकात तारीख आणि दोन ओळी. अशा बारा-पंधरा नोंदी झाल्या की वर्षाच्या शेवटी तिच्याबद्दल खरे काही लिहिता येते.

जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण यांव्यतिरिक्त शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. सहायक मिळाला की कार्यालयातले सगळे टायपिंग त्याच्याकडे जाते. तो कारकून म्हणून आलेला नाही.

टीईटीपर्यंत पोहोचवायचे कसे

अशी नेमणूक मान्य करण्याचे एकच कारण मला पटते: ज्याला घेतले तो या काळात पात्रतेच्या एक पाऊल जवळ गेला पाहिजे. म्हणून नेमणुकीच्या पत्राबरोबर दुसरा कागद करा, त्यात पुढची पायरी आणि तिची तारीख.

नुसती पदवी असलेल्याला टीईटी देताच येत नाही. आधी शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम झालेला किंवा चालू हवा. माझ्याकडे आलेल्या त्या बीए मुलीला हे माहीत नव्हते, आणि मीही चौकशी केली नाही. तिने दोनदा परीक्षेची पुस्तके विकत घेतली. अशा व्यक्तीसाठी पुढची पायरी म्हणजे डाएटमधला डीएलएडचा प्रवेश. बारावीला पन्नास टक्के, राखीव प्रवर्गांना सवलत. हा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे, म्हणून सहायकाचे काम एका वर्षात संपवून तिला तिकडे पाठवायचे. दुसरे वर्ष मागू नका, तुमची कितीही अडचण असली तरी.

डीएलएडच्या शेवटच्या वर्षाला असलेल्याला मात्र टीईटी देता येते. त्याला निकालाची वाट पाहत बसवू नका.

केंद्राची परीक्षा, सीटीईटी, सीबीएसई घेते. प्रत्येक पेपर १५० गुणांचा, १५० प्रश्न, अडीच तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. पहिल्या पेपरमध्ये बालविकास व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. दुसऱ्या पेपरमध्ये गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांना ६० गुण. २०२१ पासून प्रमाणपत्र आयुष्यभर वैध आहे, आधी ते सात वर्षांचे असे.

गोव्याच्या मुलांनी दोन गोष्टी आधी ध्यानात घ्याव्यात. भाषांच्या यादीत मराठी आहे, कोकणी नाही. आणि भाषा सोडून बाकी भागांचे प्रश्न हिंदी व इंग्रजीत येतात. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलीला "अपूर्णांक" लगेच कळतो, पण परीक्षेत "भिन्न" किंवा "फ्रॅक्शन" समोर येते आणि तीस सेकंद जातात. म्हणून मी एक वही करून घेत असे: डावीकडे मराठी शब्द, मधे हिंदी, उजवीकडे इंग्रजी. अधिगम, गुणज, समावेशन, मूल्यांकन असे रोज दहा शब्द. दोन महिन्यांत वही भरते आणि भीती जाते.

बालविकासाचा भाग पाठ करून येत नाही, असा माझा अनुभव. तो वर्गातून येतो. वर सांगितलेली "कोणते मूल कुठे अडले" ही वही त्याचा खरा अभ्यास आहे. तीतली एक नोंद घ्यायची आणि विचारायचे, इथे तू काय करशील? परीक्षेतले प्रश्न बरेचसे याच घाटाचे असतात. मागच्या प्रश्नपत्रिका सीबीएसईच्या संकेतस्थळावर मिळतात, दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावर विनामूल्य अभ्यासक्रम आहेत. महागडे क्लास लावायची गरज मला कधी वाटली नाही. त्याऐवजी वेळापत्रकात आठवड्याला दोन तास तिच्या अभ्यासासाठी मोकळे ठेवा, आणि ते बुडवू नका.

आता तर जुन्या शिक्षकांनाही याच वाटेने जायचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला सांगितले की निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना नोकरी राखता येईल, पण टीईटीशिवाय बढती नाही. शिक्षक-कक्षात यावरून पुष्कळ मन दुखावलेले आहे आणि मला ते समजते. वीस वर्षे शिकवलेल्या माणसाला परीक्षेला बसा म्हणणे सोपे नाही. पण एकत्र अभ्यास केला तर दोघांचेही काम होते. ज्येष्ठ बाईंना वर्ग माहीत असतो, नव्या मुलीला संगणकावरचा अर्ज आणि हिंदी-इंग्रजी शब्द माहीत असतात.

पालकांना काय सांगायचे

खरे ते सांगायचे. पहिल्याच सभेत, सहायक मुलगी समोर असताना. मी असे म्हणत असे: "ही आपल्याला मदत करायला आली आहे. हिचे प्रशिक्षण अजून व्हायचे आहे. वर्ग माझ्या जबाबदारीवर आहे, तक्रार माझ्याकडे आणा. आणि रिकाम्या जागेसाठी पत्र पाठवले आहे, त्याची प्रत ही." प्रत हातोहात फिरू द्यायची. एकदा एका आजोबांनी तीच प्रत घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या कदंबा बसने भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन बसले.

सहायकाला पालकांनी "बाई" म्हणावे, मुलांनीही. पात्रतेचा कागद नसला तरी वर्गातला मान कमी होता कामा नये, नाहीतर तिला शिकवणे अशक्य होते.

निरोप देताना

नियमित शिक्षक येईल, किंवा पत्रातली तारीख येईल. त्याच्या आठवडाभर आधी सहायकाकडून एक हस्तांतराची वही लिहून घ्या: प्रत्येक मुलाला एक पान, कुठवर आले, कशाने अडते, घरी कोण असते. नव्या शिक्षकासोबत ती दोन दिवस वर्गात बसली तर उत्तमच, मुलांनाही अचानक तुटल्यासारखे होत नाही. मानधनाचा शेवटचा हिशेब त्याच दिवशी पुरा करा.

आणि अनुभवाचा दाखला. त्यावर "समाधानकारक काम केले" एवढेच लिहून सोडू नका. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणती इयत्ता, कोणते विषय, आठवड्याला किती तास, कोणाच्या मार्गदर्शनाखाली, आणि काम सहायकाचे होते हे स्पष्ट. शेरेबुकातल्या नोंदींमधून दोन वाक्ये तिच्या शिकवण्याबद्दल. पालक-शिक्षक संघाच्या अध्यक्षांची सही, शाळेचा गोल शिक्का, जावक क्रमांक. एक प्रत फाइलला, मूळ प्रत तिच्या हातात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कारण बसथांब्यापर्यंत पाऊस असतोच.

त्या पहिल्या मुलीला असा दाखला मी पुढे दोन वर्षांनी करून दिला, जुने हजेरीपट शोधून. तेव्हा ती डाएटच्या दुसऱ्या वर्षाला होती.